६१७४ च का येतं, आणि २१११ घेतल्यावर शून्य का आलं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलीनं आठवीच्या प्रोजेक्टसाठी ६१७४ ही संख्या घेतलीय. कुठलीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमानं लावून मोठी संख्या करायची, चढत्या क्रमानं लावून लहान, मोठीतून लहान वजा करायची आणि जे येईल त्यावर परत तेच करायचं. फिरून फिरून ६१७४ येतं आणि मग तिथून हलत नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. तिनं पंचवीस-तीस संख्या करून बघितल्या, सगळ्या तिथेच आल्या, पण २१११ घेतली तर ९९९ आलं आणि पुढे शून्य. पाच अंकी घेतली तर कुठे थांबेचना. आणि बाईंनी सांगितलंय की हे असं का होतं ते लिही, तर जिथे बघावं तिथे "जादुई संख्या" एवढंच लिहिलेलं.

मी वीसेक वर्षं शाळेत गणित शिकवतोय आणि ही कृती जवळजवळ दरवर्षी वर्गात करून घेतो, त्यामुळे मुलं नेमकी कुठे अडकतात ते मला चांगलं माहितीये. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगवेगळे प्रश्न एकात एक अडकलेत. एक, सगळ्या संख्या एकाच ठिकाणी का येतात. दोन, ते ठिकाण ६१७४ च का. तीन, २१११ आणि पाच अंकी संख्यांचं काय बिघडलं. तिसरा आधी घेतो कारण तो सोपा आहे आणि तो सुटला नाही तर मुलीला उगाच वाटत राहील की आपलंच काहीतरी चुकलं.

२१११ − १११२ = ९९९ हे बरोबरच आहे. पण आपण चार अंकी खेळ खेळतोय, म्हणून ते ०९९९ असं लिहायचं, पुढचा शून्य सोडायचा नाही. मग अंक झाले ९, ९, ९, ०. ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ९९८१ − १८९९ = ८०८२, मग ८८२० − ०२८८ = ८५३२, आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. आलं. शून्य सोडला तर मात्र ९९९ − ९९९ = ० आणि गाडी तिथेच थांबते. म्हणजे हे नियमावर अवलंबून आहे, तुम्ही कुठला नियम धरता ते प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर लिहून टाका. १००० ते ९९९९ मधल्या ज्या संख्यांमधे हा ९९९ चा घोळ होतो त्या बरोबर ६८ आहेत (२१११, ३३३२, १००० वगैरे, म्हणजे तीन अंक सारखे आणि चौथा त्यांच्यापेक्षा एकानं कमी किंवा जास्त) आणि ११११, २२२२ अशा सगळे अंक सारखे असणाऱ्या ९. त्या नऊ कुठल्याच नियमानं येत नाहीत, पहिल्याच वजाबाकीला शून्य. शून्य धरून चालायचा नियम ठेवला तर फक्त या नऊच अपवाद राहतात, म्हणून मी नेहमी तोच नियम ठेवतो.

आता मुख्य गोष्ट. वर्गातला एक प्रसंग सांगतो, त्यानंच मला हे शिकवायची पद्धत सापडली. एका बाकावरच्या दोन मुलींच्या वह्या बघत होतो, एकीनं ५४३२ घेतलेली, दुसरीनं ८७६५, आणि दोघींच्या वहीत पहिलं उत्तर ३०८७, दुसरं ८३५२, तिसरं ६१७४. मला आधी वाटलं एकीनं दुसरीचं बघून लिहिलं. मग मी फळ्यावर दोन्ही करून बघितलं: ५४३२ − २३४५ = ३०८७. ८७६५ − ५६७८ = ३०८७. दोन पूर्ण वेगळ्या संख्या, आणि पहिल्याच पायरीला एकच उत्तर! मी वर्गाला विचारलं, या दोघींच्या संख्यांमधे सारखं काय आहे? दोन-तीन मिनिटं शांतता होती, मग मागून एक मुलगा म्हणाला, "सर, पाचातून दोन गेले तीन, आठातून पाच गेले तीन. आणि मधले चार-तीन एक, सात-सहा एक." बस, हेच ते. पूर्ण सिद्धता या एका वाक्यात लपलीय.

उतरत्या क्रमानं लावलेल्या अंकांना क, ख, ग, घ म्हणा. मोठी संख्या कखगघ, लहान घगखक. वजाबाकी करताना हजाराच्या जागी क आणि घ यांचा फरक हजारपट धरला जातो, पण एककाच्या जागी तोच फरक उलटा येतो, म्हणजे तो एकूण ९९९ पट. तसंच ख आणि ग यांचा फरक शतकात १०० पट आणि दशकात उलटा १० पट, म्हणून ९० पट. म्हणजे

उत्तर = ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग)

मी वर्गात यांना "बाहेरचा फरक" आणि "आतला फरक" म्हणतो, पुढेही तेच शब्द वापरतो. उत्तर फक्त या दोन फरकांवर अवलंबून आहे, मूळ अंक कुठले होते याच्याशी त्याला काही घेणं-देणं नाही. ५४३२ चा बाहेरचा ३ आणि आतला १, ८७६५ चाही तेच, म्हणून ९९९ × ३ + ९० = ३०८७ दोघींना.

आता किती जोड्या शक्य आहेत ते मोजा. बाहेरचा फरक १ ते ९ मधला काहीही, आणि आतला त्याच्यापेक्षा मोठा असू शकत नाही, कारण मधले दोन अंक बाहेरच्या दोघांच्या मधेच आहेत. बाहेरचा १ असेल तर आतला ० किंवा १, दोन जोड्या. बाहेरचा २ असेल तर तीन. असं करत ९ ला दहा. २ + ३ + ४ ... + १० = ५४. म्हणजे शून्यानं सुरू होणाऱ्या धरून जवळजवळ दहा हजार संख्या (नेमक्या ९,९९०) एका वजाबाकीत ५४ संख्यांवर येऊन पडतात. मुलांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे बदलतात, कारण तोवर त्यांना वाटत असतं की हजारो वेगवेगळ्या संख्या कशा काय एकाच जागी येतात, आणि आता कळतं की हजारो नाहीतच, ५४ आहेत, आणि ५४ तर एका दुपारी वहीत हातानं तपासता येतात. तुमच्या मुलीनं एवढं जरी लिहिलं आणि ५४ ओळींचा तक्ता दिला तरी ती पूर्ण सिद्धता झाली, त्यात काही कमी नाही. सगळ्या शक्यता मोजून तपासणं ही गणितात रीतसर पद्धत आहे, तिला कुणी "हे काय, नुसतं करून बघितलं" म्हणालं तर ऐकू नका. फरक एवढाच की तीस संख्या मनाला येतील तशा निवडून बघणं म्हणजे पुरावा नाही, आणि एकही न सोडता सगळ्या ५४ बघणं म्हणजे पुरावा.

पण मला स्वतःला याच्याही पुढे जायला आवडतं, कारण तक्ता "येतं" हे सांगतो, "का" हे पूर्ण सांगत नाही. त्यासाठी वजाबाकी हातचे घेऊन मांडून बघा. एककात घ मधून क जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागतो आणि उरतं १० वजा बाहेरचा फरक. दशकातून एक आधीच दिलेला, तिथेही ग मधून ख जात नाही, परत हातचा, उरतं ९ वजा आतला फरक. शतकातून एक दिलेला, म्हणून आतला फरक वजा १. आणि हजारात बाहेरचा फरक जसाच्या तसा. म्हणजे बाहेरचा ८ आणि आतला ५ असेल तर उत्तर ८, ४, ४, २. करून बघा, ९७२१ − १२७९ = ८४४२. बरोबर. (आतला फरक शून्य असेल तर शतकालाही हातचा लागतो आणि उत्तरात मधे दोन नऊ येतात, ३९९६, ५९९४ अशी. ती वेगळी पाच कुटुंबं आहेत, त्यांच्याकडे नंतर येऊ.)

आता त्या चार अंकांकडे नीट बघा. हजार आणि एकक यांची बेरीज नेहमी १०. शतक आणि दशक यांची बेरीज नेहमी ८. नेहमी! ८४४२ मधे ८+२ आणि ४+४. ३०८७ मधे ३+७ आणि ०+८. ६१७४ मधे ६+४ आणि १+७. बेरीज १० असलेली जोडी म्हणजे पाचाच्या दोन्ही बाजूला सारख्या अंतरावर बसलेले दोन अंक, आणि बेरीज ८ वाली म्हणजे चाराच्या दोन्ही बाजूला. पहिल्या अंतराला म म्हणू, दुसऱ्याला न. ६१७४ साठी ६ आणि ४ हे पाचापासून १ अंतरावर, म = १. आणि १ आणि ७ हे चारापासून ३ वर, न = ३. म आणि न दोन्ही ० ते ४ मधलेच असू शकतात, म्हणजे ५ × ५ = २५ प्रकार, आणि दोन नऊवाले ५, एकूण फक्त ३० कुटुंबं. अंक तेच पण क्रम वेगळा अशा संख्या एका कुटुंबात, कारण पुढच्या पायरीला आपण क्रम तसाही मोडतोच.

पुढची पायरी आता अंकांशिवाय करता येते, फक्त म आणि न धरून. म आणि न वेगळे असतील तर जो मोठा तो बाहेरची जोडी होतो, आणि एखाद्या अंकापासून दोन्ही बाजूला समजा ३ अंतरावर बसलेल्या दोघांमधला फरक ६, म्हणजे दुप्पट. म्हणून नवा बाहेरचा फरक = मोठ्याची दुप्पट, नवा आतला फरक = लहानाची दुप्पट. आणि फरक कळला की नवा म, न काढायचा म्हणजे तो फरक ५ पासून किती लांब आहे ते बघायचं, दोघांसाठीही ५ पासूनच (हे ८४४२ वर ताडून बघा: बाहेरचा ८, पाचापासून ३, आणि ८-२ ही जोडी पाचापासून ३ वर. आतला ५, पाचापासून ०, आणि ४-४ ही जोडी चारापासून ० वर.)

म्हणजे अख्खी कृती काय झाली? दुप्पट करा, आणि ५ पासूनचं अंतर घ्या. बघा काय होतं:

१ ची दुप्पट २, पाचापासून ३.
२ ची दुप्पट ४, पाचापासून १.
३ ची दुप्पट ६, पाचापासून १.
४ ची दुप्पट ८, पाचापासून ३.

फक्त १ आणि ३ उरतात. १ चा ३ होतो, ३ चा १ होतो, २ आणि ४ त्यांच्यातच येऊन मिसळतात. ६१७४ म्हणजे म = १, न = ३. मोठा ३, त्याचा झाला १, तो नवा म. लहान १, त्याचा झाला ३, तो नवा न. परत म = १, न = ३. म्हणून ६१७४ हलत नाही. माझ्यासाठी "६१७४ च का" याचं खरं उत्तर हे आहे, एक आणि तीन एकमेकांची जागा घेत राहतात आणि दुसरी कुठलीच जोडी असं करत नाही.

म आणि न सारखे आले तर थोडं वेगळं होतं, पाच आणि चार यांच्यातला एकाचा फरक मधे येतो, बाहेरचा फरक दुप्पट अधिक १ आणि आतला दुप्पट वजा १ (दोन्ही शून्य असतील तर दोन्ही फरक १). म = न = १ असेल तर पुढे ३ आणि १, म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. म = न = ३ असेल तर वाट लांबते: ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि मग ६१७४. शून्य असलेल्या जोड्या आणि दोन नऊवाली पाच कुटुंबं हातानं बघायची, दहा-बारा ओळींचं काम आहे, सगळी येतात. सगळ्यात लांबचा रस्ता सात पायऱ्यांचा, आणि त्याचं उदाहरण वरचंच ९७२१:

८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४.

सातच्या वर कधीच जात नाही. मुलीच्या वहीत एखादी संख्या आठव्या पायरीलाही आली नसेल तर वजाबाकीत चूक आहे असं बिनधास्त समजा, आणि माझ्या अनुभवात ती चूक बहुतेक वेळा हातच्याची नसते, अंक लावताना शून्य खाल्लेला असतो, ८०८२ चं ८८२ करून टाकतात. आणि चूक शोधायला वरची १० आणि ८ ची युक्ती वापरा, उत्तराच्या टोकाच्या अंकांची बेरीज १० आणि मधल्यांची ८ नसेल (किंवा मधे दोन नऊ नसतील) तर तीच ओळ चुकलीय, मागचं काही तपासायची गरज नाही.

आता पाच अंकी. तिथे काही बिघडलं नाही, तिथे मुळात असा एकच थांबा नाहीच. संख्या फिरून फिरून तीन चक्रांपैकी एकात अडकतात. एक दोनाचं चक्र आहे, ५३९५५ आणि ५९९९४, एकमेकांकडे जात राहतात. दुसरं चाराचं, ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ आणि परत पहिला. तिसरंही चाराचं, ६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३. तुमची मुलगी "थांबेचना" म्हणाली ना, तिच्या कागदावर यातलंच एखादं चक्र नक्की सापडेल, तिला म्हणावं आधीच्या ओळी परत बघ, एखादी संख्या दुसऱ्यांदा आलेली दिसेल. दोन अंकी संख्यांनाही थांबा नाही, तिथे ०९, ८१, ६३, २७, ४५ असं गोल फिरतं. तीन अंकींना मात्र आहे, ४९५, आणि ते समजायला चार अंकींपेक्षा खूप सोपं आहे कारण उत्तर नुसतं ९९ × (सगळ्यात मोठा वजा सगळ्यात लहान), म्हणजे नऊच शक्यता, आणि मधला अंक कायम ९. माझा सल्ला, प्रोजेक्टमधे आधी तीन अंकी दाखवा आणि मग चार अंकी, वाचणाऱ्याला पायरी मिळते. सहा अंकींमधे दोन थांबे आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि शिवाय सात संख्यांचं एक चक्र. थोडक्यात, अंक किती घेता यावर सगळं अवलंबून आहे.

आणि दहावरही. आपण ० ते ९ असे दहा अंक वापरतो म्हणून ते ५ आणि ४ आले, ज्यांच्याभोवती जोड्या बसतात. ० ते ४ एवढे पाचच अंक वापरून मोजलं तर त्या पद्धतीत ३३२० − ०२३३ = ३०३२, म्हणजे तिथे ३०३२ जागचा हलत नाही. त्यामुळे "६१७४ ही विश्वातली गूढ संख्या" वगैरे जे लिहिलेलं असतं ते मुलीनं उतरवू नये असं मला मनापासून वाटतं. हा गुण त्या संख्येचा आणि आपल्या दशमान लिहिण्याचा मिळून आहे, आणि तो समजल्यावर जास्त सुंदर वाटतो, कमी नाही.

६१७४ चे बाकीचे गुण लोक यादीसारखे देतात, त्यातले कुठले या कृतीशी जोडलेले आणि कुठले योगायोग हे वेगळं करणं महत्त्वाचं आहे. अंकांची बेरीज १८ आणि संख्येला १८ नं भाग जातो, ६१७४ = १८ × ३४३. नवानं भाग जाणं अटळच होतं, ९९९ आणि ९० दोघांनाही ९ नं भाग जातो, म्हणून कुठलंही उत्तर नवाच्या पाढ्यातलंच असणार. दोनानं भाग जाणंही इथे आपोआप आलं, कारण बाहेरचा फरक म्हणजे कशाची तरी दुप्पट होती. पण उरलेला भागाकार ३४३ म्हणजे ७ × ७ × ७ आला, याचा वजाबाकीच्या कृतीशी काही संबंध मला दिसत नाही, तो निव्वळ योगायोग धरा. मात्र काय योगायोग आहे! १ + १८ + १८ चा वर्ग, म्हणजे १ + १८ + ३२४ = ३४३ = ७ चा घन. यामुळेच ६१७४ = १८ + १८ चा वर्ग + १८ चा घन असंही लिहिता येतं (१८ + ३२४ + ५८३२). एखाद्या संख्येचे १ पासून सुरू होणारे लागोपाठचे घात, निदान तीन तरी, बेरीज करून पूर्ण वर्ग, घन किंवा तसा एखादा वरचा घात मिळणं फार दुर्मिळ आहे, आजवर असे तीनच सापडलेत: १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१ = ११ चा वर्ग, १ + ७ + ४९ + ३४३ = ४०० = २० चा वर्ग, आणि हा अठराचा. त्यातला एक ६१७४ च्या पोटात बसलाय, मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तो दिवसभर डोक्यातून काढू शकलो नव्हतो. प्रोजेक्टमधे एक वेगळी चौकट करून हे द्या, पण "का" च्या भागात मिसळू नका.

आता थोडं द. रा. कापरेकरांबद्दल, कारण त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही आणि बहुतेक प्रोजेक्टमधे त्यांचं एक वाक्य असतं तेही चुकीचं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजमधे शिकले, आणि मग १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक. विद्यापीठात नव्हते, संशोधनाची पदवी नव्हती, शाळा सांभाळून संख्यांशी खेळत राहिले. हा ६१७४ चा गुण त्यांनी १९४९ मधे मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. बरीच वर्षं त्यांच्या कामाकडे फारसं कुणी गांभीर्यानं बघितलं नाही, १९७५ मधे मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा जगभर नाव झालं. १९८६ मधे ते गेले. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेनं भाग जातो तिला "हर्षद" हे नाव त्यांनीच दिलेलं, आणि वर बघितलं तसं ६१७४ ही हर्षद संख्या आहेच. इथे एक खड्डा आहे तो सांगून ठेवतो: "कापरेकर स्थिरांक" आणि "कापरेकर संख्या" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापरेकर संख्या म्हणजे ४५ सारखी, तिचा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ६१७४ चा वर्ग ३८११८२७६, तो कुठेही तोडला तरी ६१७४ येत नाही. म्हणजे ६१७४ हा कापरेकर स्थिरांक आहे, पण कापरेकर संख्या नाही. हे दोन्ही एक करून लिहिलेले प्रोजेक्ट मी दरवर्षी बघतो.

मांडणीचं म्हणाल तर माझ्या मते तक्ता कमी आणि झाड जास्त चांगलं दिसतं. मोठ्या कार्डशीटच्या खाली मधोमध ६१७४, त्याच्या वर एका पायरीत तिथे येणारी कुटुंबं, त्यांच्या वर त्यांच्याकडे येणारी, असं करत ६१७४ ची धरून सात पायऱ्या. तीस कुटुंबांचे तीस चौकोन आणि मधे बाण, चौकोनात उतरत्या क्रमानं लावलेले अंक लिहायचे. ५४ ओळींचा तक्ता मागे जोडायचा. पहिल्या पानावर नियम (शून्य धरायचा), मग ३०८७ चं उदाहरण, मग ९९९ आणि ९० चं सूत्र, मग झाड. म आणि न चा भाग आठवीच्या मुलीला झेपतो का, हे तिच्यावर आहे, काहींना झेपतो काहींना नाही, नाही समजला तर नुसता पाठ करून लिहायला लावू नका, १० आणि ८ च्या बेरजेपर्यंत थांबलं तरी चालेल.

तोंडी परीक्षेत बहुतेक वेळा येणारा प्रश्न म्हणजे "याचा उपयोग काय". तिनं सरळ म्हणावं की व्यवहारात उपयोग म्हणून हे कुणी शोधलं नाही. पण दहा हजार गोष्टींचा दावा ५४ गोष्टी तपासून सिद्ध करता येतो, त्यासाठी आधी योग्य दोन फरक ओळखावे लागतात, आणि ते तिनं करून दाखवलंय. त्यानंतर परीक्षकांना एखादी संख्या सांगायला सांगावी आणि तिनं वजाबाकी न करता नुसते दोन फरक बघून उत्तराचे चारही अंक सांगावेत. समजा ते म्हणाले ४९२६. लावले की ९६४२, बाहेरचा ७, आतला २, म्हणजे ७, १, ७, ३. मग त्यांनाच वहीत करू द्यावं: ९६४२ − २४६९ = ७१७३.